हरण्यालाही दम लागतो

शिकागोच्या दक्षिण भागात व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचं स्टेडियम आहे. २०१६ साली त्याच्या नावाचे हक्क गॅरंटीड रेट नावाच्या, घरकर्ज देणाऱ्या कंपनीने घेतले. कंपनीचं तेव्हाचं बोधचिन्ह म्हणजे खाली तोंड केलेला लाल बाण. व्याजाचा दर खाली, हप्ता खाली, गिऱ्हाईक खूश, असा त्याचा सरळ अर्थ. कर्जदाराच्या दृष्टीने याहून शुभ चिन्ह शोधून सापडणार नाही. पण तोच बाण खेळाच्या मैदानावर चढल्यावर गावभर टिंगल झाली. टिंगल संघाने फारच मनाला लावून घेतली असावी, कारण २०२४च्या मोसमात त्याने बाणाची आज्ञा तंतोतंत पाळली. सामने १६२, विजय ४१, पराभव १२१. बेसबॉलवाले विसाव्या शतकापासून पुढच्या काळाला ‘आधुनिक काळ’ म्हणतात. त्या अख्ख्या काळात कुठलाही संघ एका मोसमात इतके सामने हरला नव्हता.

आपल्याकडे हरण्याची रीत वेगळी. १९ नोव्हेंबर २०२३ला भारत अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला, तेव्हा आमच्या सोसायटीत दिवाळीतले मुद्दाम राखून ठेवलेले फटाके गुपचूप माळ्यावर गेले ते पुढच्या दिवाळीलाच खाली आले. अजूनही जेवताना विषय निघाला की लोक हातातला घास ताटात ठेवतात. बेसबॉलमध्ये दुखवट्याची सोयच नाही. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर अशा सहा महिन्यांत १६२ सामने उरकायचे असतात. आज रात्री साडेनऊला हरलात की उद्या दुपारी परत मैदानात. चिंतन बैठक, कर्णधाराचा राजीनामा, खेळपट्टीवर संशय, कुणाच्या तरी बायकोला दोष, यातलं काहीही करायला फुरसत मिळत नाही. तिथे पराभव हा हजेरीपटावरच्या सहीसारखा. करायची आणि घरी जायचं. उद्या पुन्हा यायचंच आहे.

या खेळात एक जुना ठोकताळा सांगतात. संघ कुठलाही असो, तो ६० सामने जिंकणारच आणि ६० हरणारच. उरलेल्या ४२चं काय करता, त्यावर सगळं ठरतं. २०२४चं विजेतेपद लॉस एंजेलिस डॉजर्सने मिळवलं. त्यांनीही साखळीतले ६४ सामने गमावले होते. मुळात हा खेळच अपयशावर उभा आहे. गोल चेंडू गोल बॅटने मारायचा असतो, आणि दहापैकी तीन वेळा जमवणाऱ्याला थोर फलंदाज म्हणतात. इतकं नशीब ज्या खेळात कालवलेलं आहे, तिथे अगदी सुमार संघालाही आठवड्यातून दोनदा देव पावतो.

म्हणून १२१ पराभव ही साधी गोष्ट नव्हे. नुसतं वाईट खेळून तिथवर पोचता येत नाही. वाईट खेळ, वाईट नशीब, वाईट कारभार आणि अधूनमधून चांगला खेळ, हे सगळं जुळून यावं लागतं. चांगला खेळ कशाला, असं कुणी विचारील. आघाडी घेतल्याशिवाय ती घालवता येत नाही, म्हणून.

मी पुणेकर असल्याने या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. आयपीएलमध्ये आमचा पुणे वॉरियर्स नावाचा संघ होता. २०११, २०१२ आणि २०१३ असे तीन मोसम तो खेळला आणि तिन्ही मोसमांत त्याने मोजून चार-चार सामने जिंकले. पहिल्या वर्षी युवराज सिंग कर्णधार, दुसऱ्या वर्षी सौरव गांगुली, विजय चारच. तिसऱ्या वर्षी आणखी वेगळे कर्णधार, विजय चारच. तत्त्वनिष्ठा म्हणतात ती ही. एकूण सामने ४६, विजय १२, एक अनिर्णित. टक्केवारी काढली तर ती २६च्या आसपास जाते. व्हाइट सॉक्सची निघते २५.३. पुणं शिकागोपेक्षा सरस आहे हे आम्हांला आधीपासून माहीत होतंच. आता दशांश चिन्हासकट पुरावा हाती आला.

मुंबईकरांनाही फार मागे ठेवायला नको. ज्या वसंतात व्हाइट सॉक्स आपली घसरण सुरू करत होता, त्याच वसंतात मुंबई इंडियन्स १४पैकी १० सामने हरून तळाला गेले आणि वानखेडेवर स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली गेली. पण मुंबईचा छळ १४ सामन्यांत आटोपला. व्हाइट सॉक्सने मे-जूनमध्ये सलग १४ सामने गमावले. म्हणजे आयपीएलचा एक अख्खा मोसम, त्यात एकही विजय नाही, आणि तरी ती त्यांची त्या वर्षीची सर्वांत मोठी घसरगुंडी नव्हती.

ती पुढे यायची होती. सुरुवात तशी आश्वासक होती, म्हणजे हरण्याच्या दृष्टीने. पहिल्या २५ सामन्यांत विजय तीन. मग ते १४. त्यानंतर १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत सलग २१. या काळात चार दिवस सगळ्या लीगलाच मोसमातली मधली सुट्टी होती. त्या चार दिवसांत सॉक्स हरला नाही. महिन्यातली त्यांची ती सर्वोत्तम कामगिरी.

सॉक्स ज्या अमेरिकन लीगमध्ये खेळतो, तिथे सलग २१ पराभवांचा विक्रम बाल्टिमोर ओरिओल्सच्या नावावर होता. १९८८मध्ये त्यांनी मोसमाचे पहिले २१ सामने ओळीने गमावले होते. त्यांची ती साडेसाती २९ एप्रिलला शिकागोत संपली, ९-० अशी. समोर कोण होतं? व्हाइट सॉक्स. स्वतःचं भलं होवो न होवो, परक्याच्या घरी दिवा लावण्याची या संघाची परंपरा अशी जुनी आहे.

अखेर ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये सॉक्स ५-१ने जिंकला. बेसबॉलच्या जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. आणि ८ ऑगस्टला प्रशिक्षक पेड्रो ग्रिफॉल यांना नारळ मिळाला. २१ पराभव चालू असताना त्या माणसाची खुर्ची शाबूत होती. जिंकल्यावर दोन दिवसांत गेली. ज्यांनी आपल्याकडची ऑफिसं पाहिली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. काम बिघडत असतं तोवर फाइल कुणी उघडत नाही. जरा काही सुधारलं की वरचे लोक जागे होतात आणि विचारतात, “हे खातं कुणाकडे आहे?”

हरण्याच्या तऱ्हा तरी किती! २३ मेच्या सामन्यात, पुन्हा बाल्टिमोरविरुद्धच, सॉक्सने शेवटच्या डावात चांगला पाठलाग चालवला होता. बेसवर खेळाडू उभे, फलंदाज अँड्र्यू बेनिन्टेंडी. त्याने चेंडू उंच उडवला. बेसबॉलमध्ये असा एक नियम आहे, की अशा वेळी आतल्या मैदानात सोपा झेल उडाला, तर तो घेण्यापूर्वीच पंच फलंदाजाला बाद देऊन टाकतात. तसा दिला. इथवर ठीक. पण चेंडू खाली येईपर्यंत दुसऱ्या बेसजवळच्या अँड्र्यू वॉनला पंचांनी क्षेत्ररक्षकाच्या वाटेत आल्याबद्दल बाद ठरवलं. चेंडू अजून हवेत, खाली सामना संपलेला. ८-६. न्यूटनलाही सॉक्सने वेळ दिला नाही.

माझा भाचा शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. तिकडे रात्रीचा सामना संपतो तेव्हा इकडे सकाळचा चहा चालू असतो, त्यामुळे त्याचा फोन आणि पराभव हे दोन्ही बिस्किटाबरोबर येतात. एकदा म्हणाला, “मामा, आज मॅचला चाललोय.”

“जिंकतील का रे?”

“जिंकायला कोण चाललंय? पार्किंग मिळतं, पुढच्या रांगेत बसता येतं, आणि यंदा मिल्कशेक फार भारी आहे.”

मिल्कशेकचं त्याने खरं सांगितलं होतं. चॉकलेट, मार्शमेलो आणि बिस्किटाचा चुरा घातलेलं ते प्रकरण त्या वर्षी देशभर गाजलं. मोसमभर त्या स्टेडियममध्ये एकमताने वाखाणली गेलेली गोष्ट तीच. मागून ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, आवाज आला. तेव्हा ती तिकडे नातवंडाकडे गेली होती. “अरे, हरायचंच आहे तर एवढे पैसे देऊन कशाला जायचं? घरी टीव्हीवर हरत नाहीत का?” या प्रश्नाला क्रीडाशास्त्रात उत्तर नाही.

एवढी अधोगती झाली कशी, हा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि त्याचं उत्तर आहे. २०२१ साली हाच संघ ९३ सामने जिंकून आपल्या गटात पहिला आला होता. तरुण खेळाडू, लांब मुदतीचे करार, पुढची पाच वर्षं आपलीच अशी हवा. मग दुखापती, सुमार निवडी आणि अंतर्गत धुसफुस. २०२३मध्ये १०१ पराभव झाले. ऑगस्टमध्ये केन विल्यम्स आणि रिक हान या दोन्ही बड्या कारभाऱ्यांना मालकांनी घरी पाठवलं आणि आतल्याच क्रिस गेट्झ यांना वर चढवलं. मालक जेरी राइन्सडॉर्फ. १९८१पासून संघ त्यांच्याकडे, मायकल जॉर्डनचा शिकागो बुल्सही त्यांच्याचकडे. २०२४मध्ये वय ८८.

नव्या कारभाऱ्यांनी मोसम सुरू व्हायच्या तोंडावर संघातला नाणावलेला पिचर डिलन सीस सॅन डिएगोला देऊन टाकला. भविष्याची बांधणी, असं त्याला म्हणतात. सीसने २५ जुलैला सॅन डिएगोसाठी प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता अख्खा सामना फेकला. बेसबॉलमध्ये पिचरच्या आयुष्यात असा दिवस आला तर आला. तो दिवस आला तेव्हा त्याचा जुना संघ सलग २१ हरण्याच्या ऐन मध्यावर होता. त्याच महिन्याच्या अखेरीस संघात जे चार लोक बरे खेळत होते, त्यांतले बहुतेक वेगवेगळ्या गावांना रवाना झाले. एरिक फेडी आणि टॉमी फॅम सेंट लुईसला, मायकल कोपेक लॉस एंजेलिसला. अशा रीतीने भविष्याची बांधणी पूर्ण झाली आणि वर्तमानकाळात खेळायला कुणी उरलं नाही.

याच वर्षी मालक नव्या स्टेडियमसाठी इलिनॉय राज्याकडे सरकारी पैसा मागत होते. आत्ताचं स्टेडियमही सरकारी पैशातूनच १९९१ साली उभं राहिलेलं. मागणीची वेळ त्यांनी नेमकी साधली. संघ ऐन भरात असताना मागितले असते, तर लोकांना वाटलं असतं, की चाललंय ते बरं चाललंय.

अमेरिकेत तळाच्या संघासाठी एक दिलासा असतो. पुढच्या वर्षी होतकरू खेळाडूंची निवड होते, तेव्हा हरणाऱ्यांना आधी हात घालायला मिळतो. समाजवाद तिथे फक्त खेळात आहे. पण काही संघ मुद्दाम हरून पहिला नंबर पटकावतात असं लक्षात आल्यावर सोडत आली, अटी आल्या. त्यांतली एक अशी, की मोठ्या शहरातल्या श्रीमंत संघाला ओळीने दोन वर्षं सोडतीतली जागा मिळणार नाही. व्हाइट सॉक्सला आदल्या वर्षी मिळाली होती. त्यामुळे १२१ सामने हरूनही त्यांचा नंबर लागला दहावा. हरणंही फुकट गेलं.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. सॉक्स मुद्दाम हरत नव्हता. हे सांगावं लागतं, कारण या संघाचा पूर्वेतिहास. १९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या लढतीत, सॉक्सच्या आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन हरल्याचा आरोप झाला. १९२१मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं आणि लगोलग बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी त्यांना तहहयात बाहेर काढलं. १९१९चा संघ इतका चांगला होता, की त्याला हरवायला लाच द्यावी लागली. २०२४च्या संघावर कुठल्या शहाण्या जुगाऱ्याने एक डॉलर वाया घालवला नसता. शंभर वर्षांत चारित्र्य सुधारलं, खेळ बिघडला. दोन्ही एकदम मागणं हा जरा हावरटपणा होईल.

न खेळता हरण्याचा पराक्रमही या संघाच्या खात्यावर आहे. १२ जुलै १९७९ला डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध एकाच संध्याकाळी दोन सामने होते. दोन्हींच्या मध्ये डिस्को संगीताच्या तबकड्या मैदानात सुरुंगाने उडवण्याचा कार्यक्रम ठेवला होता. तबकड्या उडाल्या, मैदानाला खड्डा पडला, हजारो लोक आत घुसले आणि दुसरा सामना न खेळताच डेट्रॉइटला बहाल करण्यात आला. डेट्रॉइट हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

जुना विक्रम न्यूयॉर्क मेट्सचा, १९६२चा. १२० पराभव. मेट्सचं ते जन्मवर्ष होतं आणि प्रशिक्षक केसी स्टेंगल, वय ७२. त्यांच्या संघात बॉब मिलर नावाचे दोन पिचर होते आणि दोघांना एकाच खोलीत ठेवलं जाई. हॅरी चिटी नावाचा खेळाडू त्यांनी क्लीव्हलँडकडून आणला, बदल्यात कोण द्यायचा ते नंतर ठरवू या बोलीवर. नंतर ठरलं ते असं, की बदल्यात हॅरी चिटीच द्यावा. एका खेळाडूची त्याच्याच बदल्यात देवघेव करणारा व्यवहार वधूवर सूचक मंडळांतही झालेला नसेल. आणि मार्व थ्रोनबेरी! त्याने जूनमध्ये एकदा असा फटका मारला, की धावत थेट तिसऱ्या बेसला पोचला. पंचांनी बाद दिलं. पहिल्या बेसला पाय लावलाच नव्हता. स्टेंगल तावातावाने भांडायला निघाले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की दुसऱ्यालाही लावला नव्हता.

एवढं होऊन न्यूयॉर्कने त्या संघावर जीव टाकला. त्या मोसमात नऊ लाखांवर लोक त्यांचे सामने पाहायला गेले. आणि १९६९ साली तेच मेट्स वर्ल्ड सिरीज जिंकून मोकळे झाले, त्यामुळे सुरुवातीच्या फजितीला दंतकथेचं वलय आलं. व्हाइट सॉक्सला ती सवलत नव्हती. नवख्याची फजिती गोड लागते. १९०१पासून लीगमध्ये असलेल्या, तीन वेळा वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या संस्थेची फजिती नुसती फजितीच राहते.

त्यात शिकागोचं दुसरं दुःख म्हणजे उत्तरेकडचा संघ, कब्ज. कब्ज १९०८नंतर थेट २०१६ला जिंकले आणि मधली १०८ वर्षं त्यांच्या हरण्याचं देशभर कौतुक झालं. शापाच्या कथा, बोकडाच्या कथा, डोळ्यांत पाणी. व्हाइट सॉक्सही १९१७नंतर ८८ वर्षं कोरडाच होता आणि २००५ला जिंकला. या ८८ वर्षांवर कुणी उसासा टाकलेला ऐकिवात नाही. शापसुद्धा उत्तरेकडच्यांनाच मिळतो. दक्षिणेकडच्यांनी आपापलं हरावं.

‘आधुनिक काळ’ हे पथ्य पाळलं नाही, तर मात्र सॉक्सचा विक्रमही टिकत नाही. १८९९मध्ये क्लीव्हलँड स्पायडर्स १५४पैकी १३४ सामने हरले होते. मालकांचेच दोन संघ होते. त्यांनी क्लीव्हलँडचे चांगले खेळाडू उचलून सेंट लुईसला नेले. घरच्या मैदानावर कुणी फिरकेना, म्हणून स्पायडर्स बहुतेक सामने परगावी जाऊन हरले. पुढच्या वर्षी संघच उरला नाही. तेव्हा मोसम संपल्यावर गाशा गुंडाळायची मुभा होती. आजचे संघ अब्जावधी डॉलरचे असतात, त्यांना बंद पडायचीही चैन परवडत नाही. आमच्या पुणे वॉरियर्सने २०१३नंतर ती चैन केली.

आता सप्टेंबर. २२ तारखेला सॅन डिएगोत, म्हणजे डिलन सीसच्या नव्या घरी, सॉक्स १२०वा सामना हरला आणि मेट्सच्या बरोबरीला आला. सहा सामने शिल्लक. पुढचे तीन घरच्या मैदानावर, लॉस एंजेलिस एंजल्सविरुद्ध. शिकागोकरांनी पाहिलं, की इतिहास आपल्या अंगणात घडणार. मोसमभर ओस पडलेल्या स्टेडियममध्ये २४ तारखेला माणसं आली. भाच्यानेही तिकीट काढलं, नातवंडासाठी छोटी टोपी घेतली. सामन्यात सॉक्स व्यवस्थित मागे होता. ‘संघ विका’ अशा घोषणा मालकांच्या नावाने चालू होत्या. सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललेलं असताना आठव्या डावात सॉक्सने तीन धावा काढल्या आणि सामना ३-२ने जिंकला. यजमान जिंकल्याबद्दल यजमानांच्याच प्रेक्षकांत नाराजी उमटली.

सकाळी भाच्याचा फोन. “मामा, फसवलं यांनी. जन्मात एकदा बघायचं म्हणून गेलो, आणि जिंकले.”

“उद्या परत जा.”

दुसऱ्या दिवशी दहाव्या डावात ४-३ने जिंकले. तिसऱ्या दिवशी ७-०. लोक पैसे टाकून हरणं पाहायला आले, तर तेही धड दाखवता येईना. आणि तिकडे एंजल्स! त्यांचं ते संघाच्या इतिहासातलं सर्वांत वाईट वर्ष, ९९ पराभव. त्यांतले तीन या तीन दिवसांत. देशभरातून कॅमेरे दुसऱ्याची नाचक्की टिपायला आलेले असताना आपण नाचक्की करून घेणं याला मन मोठं लागतं.

२७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये मात्र चुकलं नाही. टायगर्स ४-१ने जिंकले आणि १२१वा आकडा पडला. मैदानावर एकच जल्लोष उसळला. तो सॉक्ससाठी नव्हता. त्या विजयाने टायगर्स २०१४नंतर पहिल्यांदा बाद फेरीत पोचले होते. अमेरिकन लीगमधला ११९ पराभवांचा जुना विक्रम याच टायगर्सचा, २००३चा. त्या वर्षी शेवटच्या सहापैकी पाच सामने जिंकून त्यांनी मेट्सची बरोबरी कशीबशी टाळली होती. १९७९मध्ये न खेळता मिळालेला विजय होताच. आता एकवीस वर्षं डोक्यावर वागवलेलं ओझंही सॉक्सने उतरवलं. इतकं करणारा शेजारी भाग्यानेच मिळतो.

पुढचे दोन दिवस उरलेले दोन सामने सॉक्सने जिंकले. हिशेब केला तर शेवटच्या सहापैकी पाच. टायगर्सनी २००३मध्ये केलं तेच, पण त्यांनी विक्रम होण्याआधी केलं. सॉक्सला जाग आली ती गाडी स्टेशनातून सुटल्यावर.

मला या सगळ्यात त्या शेवटच्या दोन सामन्यांचं फार कौतुक वाटतं. विक्रम होऊन गेला होता. कागदावर काहीच बदलणार नव्हतं. कॅमेरे निघून गेले होते. तुमच्या-आमच्यापैकी कुणी असतं तर पोटात दुखतंय म्हणून कळवलं असतं. पण ही मंडळी आली, गणवेश चढवले, सराव केला आणि जिंकली. सहा महिने अख्ख्या देशाने ज्या जागी टिंगल केली, तिथे रोज जायचं, काल आपण अकरा धावांनी हरलो होतो हे विसरून आज पहिला चेंडू नीट फेकायचा, याला खेळाडूपेक्षा गृहस्थ असावं लागतं. जिंकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायला कसली हिंमत लागते? तो वाजतगाजत जातो. हरणाऱ्याला दाराबाहेर पडताना शेजाऱ्याची नजर चुकवावी लागते. तरी बस पकडावी लागते.

२०२५मध्ये नवा प्रशिक्षक आला, विल व्हेनेबल. त्या मोसमात सॉक्स १०२ सामने हरला, आणि एकोणीस पराभव वाचले म्हणून लोकांनी ही मोठी सुधारणा मानली. सलग तिसऱ्या वर्षी शंभरावर पराभव, आणि पाठीवर शाबासकी. अपेक्षा इतक्या खाली नेऊन ठेवल्या, की साध्या पराभवालाही प्रगती म्हणावं, हे त्या १२१चं खरं फळ. कोलोरॅडो रॉकीजने त्याच वर्षी विक्रमाला हात घालायचा जोरदार प्रयत्न केला, पण ११९वर दमले. हरण्याच्या शर्यतीतही शेवटचा टप्पा अवघड असतो.

आणि मे २०२५मध्ये सॉक्सला अखेर एक मोठा विजय मिळाला, तोही मैदानाबाहेर. शिकागोत जन्मलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट पोप झाले, चौदावे लिओ. आधी बातमी पसरली, की ते कब्जचे चाहते. त्यांच्या भावाने तातडीने खुलासा केला, की छे, पहिल्यापासून सॉक्सचेच. मग २००५च्या वर्ल्ड सिरीजमधलं जुनं चित्रण सापडलं. त्यात प्रेक्षकांत बसलेले ते स्पष्ट दिसतात. स्टेडियममध्ये त्या जागेजवळ संघाने त्यांचं चित्र लावलं. जूनमध्ये व्हॅटिकनच्या चौकात सॉक्सची टोपी घातलेल्या पोपचा फोटो जगभर गेला.

कार्डिनल मंडळी बंद दाराआड कुठले निकष लावतात हे कुणी सांगत नाही. पण जगभरच्या १४० कोटी कॅथलिकांची गाऱ्हाणी रोज उठून ऐकायला, बहुतेकांवर आपल्या हाती उपाय नाही हे ठाऊक असून ऐकायला, आणि उद्या सगळं ठीक होईल असं तोंड न पाडता सांगायला माणूस हवा असेल, तर व्हाइट सॉक्सच्या चाहत्याइतका अनुभवी उमेदवार त्यांना दुसरीकडे कुठे मिळाला असता?